झाकण कुठे लावायचे? द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाचा आढावा

रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांचे एकूण वस्तुमान आणि अभिक्रियेनंतर तयार झालेल्या पदार्थांचे एकूण वस्तुमान सारखेच असते. शाळेत शिकलेला हा नियम बहुतेकांच्या लक्षात परीक्षेपुरता राहतो. त्याचा नव्याने आढावा घेण्याचे कारण असे की, त्याच्याभोवतीची चर्चा संपलेली नाही, ती जागा बदलत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तराजूच्या अचूकतेवर चालू होती. १९०५ नंतर ती भौतिकशास्त्रज्ञांकडे गेली, पुढे शिक्षणशास्त्रात शिरली आणि गेल्या दहा-बारा वर्षांत बेंगळुरूमध्ये ती थेट सांडपाण्याच्या नाल्यावर येऊन उभी राहिली.

इंदिरानगरात राहणाऱ्याला हा शेवटचा टप्पा दूरचा नाही. इंदिरानगर-दोमलूरच्या मोठ्या भागाचा उतार चल्लघट्टा खोऱ्यातून बेळ्ळंदूर तलावाकडे आहे. मोरीत ओतलेले साबणाचे पाणी डोळ्यांआड होते, पण खोऱ्यातून जात नाही. मे २०१५ मध्ये त्या तलावाच्या पृष्ठभागाने पेट घेतला आणि सांड्यावरचा पांढरा फेस रस्त्यावर उडू लागला, तेव्हा ‘टाकलेले गेले कुठे?’ हा रसायनशास्त्राचा सर्वांत जुना प्रश्न शहरापुढे उभा राहिला.

या नियमावरचे तीन मोठे वाद इथे क्रमाने मांडले आहेत. तो किती तंतोतंत आहे, तो शिकवावा कसा आणि शहराच्या व्यवहारात तो लावावा कसा, असे ते तीन वाद. तिन्ही वादांची मुळे एकाच जागी आहेत. नियम बंद भांड्याला लागू होतो आणि भांड्याचे झाकण कुठे लावायचे, यावर माणसांचे एकमत होत नाही.

पार्श्वभूमी: उघड्या भांड्यापासून बंद भांड्यापर्यंत

‘काहीच नाही’तून काही उपजत नाही, हा विचार फार जुना आहे. ग्रीकांकडे तो होता. आपल्याकडे सांख्यांच्या सत्कार्यवादातही कार्य कारणात आधीच असते, अशी भूमिका आहे. पण ती तत्त्वज्ञानाची विधाने होती. त्यांच्यामागे वजनकाटा नव्हता.

काटा आला आणि घोटाळा सुरू झाला. लाकूड जळाल्यावर राख हलकी भरते. कथील किंवा शिसे हवेत तापवल्यावर तयार होणारी भुकटी मात्र मूळ धातूपेक्षा जड भरते. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टॉन’ बाहेर पडते असे मानणाऱ्यांना लाकडाचे उत्तर देता येई, धातूचे देता येत नसे. १६३० मध्ये फ्रान्सच्या झाँ रे याने हे वाढीव वजन हवेतून येते असे लिहिले, पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. रॉबर्ट बॉइलने १६७३ मध्ये बंद काचपात्रात धातू तापवल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वजन करण्याआधी त्याने पात्र उघडले आणि बाहेरची हवा आत शिरली. वाढलेले वजन पाहून त्याने निष्कर्ष काढला की, अग्नीचे कण काचेतून आत जातात. रशियात मिखाईल लोमोनोसोव्हने १७५६ मध्ये हाच प्रयोग पात्र न उघडता केला, तेव्हा वजनात फरक पडला नाही.

आंत्वान लाव्हाझिएने १७७४ मध्ये बंद पात्रात कथील तापवले आणि दोन्ही वजने घेतली. पात्र बंद असताना वजन तेच राहिले. उघडताच हवा सूं करून आत शिरली आणि वजन वाढले. वाढ हवेच्या एका घटकाची होती. त्या घटकाला पुढे ऑक्सिजन हे नाव मिळाले आणि फ्लॉजिस्टॉनची गरज संपली. १७८९ मध्ये आलेल्या त्याच्या पाठ्यपुस्तकात हा नियम मद्य आंबवण्याच्या प्रकरणात येतो. तिथे एका बाजूला साखर, पाणी आणि यीस्ट, तर दुसऱ्या बाजूला अल्कोहोल, कार्बनचा वायू आणि उरलेसुरले पदार्थ अशी मांडणी आहे. लाव्हाझिए सरकारी करवसुली करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता. जमाखर्चाची ती सवय त्याच्या रसायनशास्त्रातही दिसते. त्याच करवसुलीपायी ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटीनवर चढवले गेले.

एका ऐतिहासिक मुद्द्यावर अभ्यासक अजून चर्चा करतात. आंबवण्याच्या तक्त्यातले सगळे आकडे स्वतंत्रपणे मोजलेले नव्हते. काही आकडे दोन्ही बाजू सारख्या असणारच, असे धरून काढलेले होते. मग हा नियम प्रयोगाचे फलित आहे की प्रयोग करण्याआधीची अट? एका पक्षाच्या मते तो इतर नियमांसारखाच अनुभवातून सिद्ध झालेला आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते बाजू जुळल्या नाहीत तर रसायनतज्ज्ञ नियम टाकून देत नाही, निसटलेला पदार्थ शोधतो. म्हणून व्यवहारात तो गृहीतकच असतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि हा दुहेरीपणा पुढच्या प्रत्येक वादात डोकावतो.

पहिला वाद: नियम किती तंतोतंत?

एकोणिसाव्या शतकभर नियमाचा उपयोग झाला. काटेकोर परीक्षा शेवटी झाली. बर्लिनमध्ये हान्स लांडोल्ट यांनी १८९० च्या सुमारास ती हाती घेतली आणि जवळपास दोन दशके चालवली. उलट्या इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या बंद काचनळीच्या दोन शाखांत दोन द्रावणे ठेवायची, वजन करायचे, नळी कलती करून द्रावणे मिसळायची आणि पुन्हा वजन करायचे, अशी पद्धत होती. सुरुवातीला अनेक अभिक्रियांत वजन किंचित घटल्याचे दिसले. हा शोध मोठा ठरला असता. पण लांडोल्ट यांनी आधी भांड्याकडेच बोट दाखवले. अभिक्रियेच्या उष्णतेने काच फुगते, तिच्या पृष्ठभागावरचा ओलाव्याचा थर उडतो आणि दोन्ही पूर्ववत व्हायला बरेच दिवस लागतात. ही दुरुस्ती केल्यावर एक कोटीत एक भाग एवढ्या मर्यादेत फरक उरला नाही.

दरम्यान, १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले की ऊर्जेलाही वस्तुमान असते. मग उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेत वस्तुमान घटलेच पाहिजे. किती, तेही काढता येते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून १८ ग्रॅम पाणी तयार होताना सुमारे २८६ किलोज्यूल ऊर्जा सुटते. प्रकाशवेगाच्या वर्गाने भागल्यावर वस्तुमानातली घट येते सुमारे ३.२ नॅनोग्रॅम, म्हणजे दहा अब्ज भागांत साधारण दोन भाग. लांडोल्ट यांचा तराजू त्याच्या कित्येकशे पट स्थूल होता. त्यांना फरक दिसणे शक्यच नव्हते.

हा फरक केवळ कागदावर राहिलेला नाही. २००५ मध्ये सिलिकॉन आणि गंधक यांच्या अणुकेंद्रांवरच्या मोजमापांनी वस्तुमान-ऊर्जा समीकरण एक कोटीत चार भागांपर्यंत पडताळले गेले. तो अणुकेंद्राचा प्रांत होता. रसायनशास्त्राला जवळचा प्रयोग २०२० मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत झाला. तिथे ऱ्हेनियमच्या आयनातल्या एका इलेक्ट्रॉनची अवस्था बदलल्याने त्या आयनाच्या वस्तुमानात पडणारा, अब्जात एक भागाच्या आसपासचा फरक चुंबकीय सापळ्यात थेट मोजला गेला. रासायनिक बंध हा इलेक्ट्रॉनांचाच खेळ असल्याने या मोजमापाला विशेष महत्त्व आहे.

आज नियमाची तीन विधाने प्रचलित आहेत. पहिले: रासायनिक अभिक्रियांत वस्तुमान जवळजवळ अक्षय्य असते, फरक दहा अब्जांत काही भाग एवढाच. दुसरे: भांडे ऊर्जेसाठीही बंद ठेवले, उष्णता आणि प्रकाश आतच राहिले, तर भांड्याचे एकूण वस्तुमान तंतोतंत तेच राहते. तिसरे: रसायनशास्त्रात खरोखर अक्षय्य असते ती प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या आणि वस्तुमानाचा नियम हा तिचा व्यवहारोपयोगी परिणाम. तिन्हींमागचे भौतिकशास्त्र एकच आहे. फरक आहे तो झाकणातून काय जाऊ द्यायचे यात.

दुसरा वाद: वर्गात कसा शिकवावा?

मुलांना हा नियम सहज पटत नाही, हे शिक्षणशास्त्रात स्थिरावलेले निरीक्षण आहे. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने दाखवले की पदार्थ टिकतो ही समज आधी येते, वजन टिकते ही समज नंतर. पुढच्या संशोधनात देशोदेशी सारख्याच अडचणी दिसल्या: वायूला वजन नसते, विरघळलेली साखर नाहीशी होते, गंजलेला खिळा हलका होतो. वायूला वजन नसते असे मनात बसले की बाकीच्या चुका आपोआप येतात.

इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांचे उदाहरण घ्या. एक लिटर पेट्रोल भरते सुमारे पाऊण किलो. ते जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो सव्वादोन किलोहून अधिक. ऐकणाऱ्याला हा आकडा खोटा वाटतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे, म्हणजे झाँ रे याचेच उत्तर. हे ज्याला लगेच सुचते, त्याला नियम समजला.

तो शिकवायचा कसा, यावर ढोबळ तीन मते आहेत. पहिले मत म्हणते, आधी प्रयोग. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून तीस वर्षे प्रयोगातून शिकण्याची वाट खेड्यांतल्या शाळांत चालून दाखवली. दुसरे मत म्हणते, आधी कणांचे चित्र. अणू ही कल्पना नसेल तर काट्यावरचे आकडे मुके राहतात. तिसऱ्या मताचा भर इतिहासावर आहे: बॉइलची चूक आणि लाव्हाझिएची दुरुस्ती यांतून गेलेले मूल स्वतःची चूकही ओळखते.

पहिल्या मतापुढची अडचण एका लोकप्रिय प्रयोगात दिसते. बाटलीत व्हिनेगर घ्यायचे, फुग्यात ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवायचा आणि सगळे एकत्र वजन करायचे. मग फुगा उचलून सोडा आत पाडायचा. बुडबुडे येतात, फुगा फुगतो. भांडे बंद आहे, वायू बाहेर गेलेला नाही, तरी काटा अडीच-तीन ग्रॅम कमी दाखवतो. मुले म्हणतात, गळती झाली. शिक्षक म्हणतात, फुगा नीट बसला नसेल. खरे कारण आर्किमिडीजचे आहे. फुगलेल्या फुग्याने तेवढीच हवा बाजूला सारली आणि त्या हवेने त्याला वर उचलून धरले. सोड्यातून निघालेल्या ४.४ ग्रॅम वायूने बाजूला सारलेली हवा भरते सुमारे २.९ ग्रॅम. वस्तुमान बदललेले नाही, काट्याचे वाचन बदलले. फुग्याऐवजी थंड पेयाची जाड प्लास्टिकची बाटली, एक ग्रॅमच सोडा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारी काटा घेतला, तर आकारमान फारसे बदलत नाही आणि आकडा जागचा हलत नाही.

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात अनेक वर्षे असलेल्या प्रयोगात शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये एक द्रावण असते आणि दोऱ्याने टांगलेल्या छोट्या नळीत दुसरे. प्रयोगानंतर पुस्तक विचारते की फ्लास्कला बूच का लावायचे. सगळा नियम त्या प्रश्नात आहे. दुर्दैव एवढेच की पुष्कळ वर्गांत फ्लास्क फळ्यावर काढला जातो आणि बुचाचे उत्तर वहीत उतरवून दिले जाते.

तिसरा वाद: दोमलूरच्या नाल्यापासून कोलारपर्यंत

कोरमंगला-चल्लघट्टा खोरे हे एक मोठे भांडे मानले, तर त्याला झाकण नाही. वरून अन्न, साबण, डिटर्जंट आणि पाणी येते. खाली ते बेळ्ळंदूरमध्ये, तिथून वर्तूरमध्ये आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. हिशेब ठेवताना मूलद्रव्यांचा स्वभाव पाहावा लागतो. सांडपाण्यातला कार्बन जिवाणूंमार्फत कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन होऊन हवेत जातो. नायट्रोजनचाही काही भाग वायुरूपाने निसटतो. फॉस्फरसला व्यवहारात अशी हवेची वाट नाही. तो पाण्यात असतो, गाळात असतो किंवा वनस्पतींत असतो. म्हणून खोऱ्याचा हिशेब तपासायला फॉस्फरससारखा दुसरा साक्षीदार नाही. प्रौढ माणूस आहारातून रोज साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस घेतो आणि जवळपास तेवढाच बाहेर टाकतो. एक लाख वस्तीचे रोजचे शंभर ते दीडशे किलो झाले. यात डिटर्जंट धरलेलेच नाही.

मे २०१५ नंतर फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही तलावावर आग लागली. शेवटच्या वेळी लष्कराचे जवान विझवायला उतरले. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारला तलावांसाठी ५०० कोटी रुपये वेगळे ठेवण्याचा आदेश देऊन न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. आगीचे कारण काय, यावर दोन मते राहिली: तळाच्या कुजण्यातून येणारा मिथेन आणि काठावर पेटवलेला कचरा व वाळलेले गवत.

फेसावरच्या उपायांबाबत चार भूमिका आहेत. पहिली म्हणते, उगमापाशी रोखा, डिटर्जंटमधले फॉस्फेट कमी करा. ती पटण्यासारखी आहे, पण तीत दोन गोष्टींची गल्लत होते. फॉस्फेट जलपर्णी पोसते; फेस धरतात ती डिटर्जंटमधली पृष्ठसक्रिय द्रव्ये. फॉस्फेट थांबवले तरी फेस थांबेलच असे नाही. दुसरी भूमिका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता आणि दर्जा वाढवण्याची. ती अपरिहार्य आहे. मात्र पाण्यातून काढलेला फॉस्फरस केंद्राच्या चिखलात जमतो आणि त्या चिखलाचे काय, हा प्रश्न उरतो.

तिसरी भूमिका गाळाची. भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले की पृष्ठसक्रिय द्रव्ये प्राणवायूविना सगळी विघटित होत नाहीत. ती बसणाऱ्या गाळाला चिकटून साठत जातात. जोराचा पाऊस आला की गाळ ढवळतो, साठलेले मोकळे होते, पाणी सांड्यावरून आदळते आणि फेस धरतो. पाण्यातले बारीक कण आणि जिवाणू तो टिकवून ठेवतात. म्हणजे आजचा फेस काही अंशी जुन्या दिवसांची शिल्लक आहे. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने हाती घेतलेले गाळ काढण्याचे काम या युक्तिवादावर उभे आहे. काढलेला गाळ नेऊन टाकायचा कुठे, ही त्याची दुसरी बाजू.

चौथी भूमिका पाणथळ वनस्पतींची. शहराच्या उत्तरेला जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्राचे पाणी आधी पाणथळ जागेतून आणि मग तलावात जाते. भारतीय विज्ञान संस्थेचे टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने त्याचा अभ्यास केला आहे. वनस्पती फॉस्फरस शोषतात हे खरे. पण त्या वेळेवर कापून बाहेर काढल्या नाहीत, तर कुजून सगळे तलावाला परत करतात.

भांड्याची सीमा हलवण्याचे ठळक उदाहरण कोलारचे. या खोऱ्यातले प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून उपसून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते. योजना रोज ४४ कोटी लिटरची आहे. समर्थकांच्या मते दुष्काळी जिल्ह्याचे भूजल त्यामुळे वर येते. टीकाकारांच्या मते प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतच थांबते आणि विरघळलेले क्षार, पोषकद्रव्ये पाण्याबरोबर जातात. जुलै २०१८ मध्ये कोलारच्या लक्ष्मीसागर तलावात फेस दिसला, तेव्हा वाद न्यायालयात गेला. पाण्याची गरज आणि पाण्याबरोबर जाणारे द्रव्य या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यांचा तोल कसा साधायचा, हा प्रश्न खुला आहे.

अनिर्णित काय राहिले?

पहिल्या वादात तथ्यांबद्दल मतभेद उरलेला नाही, विधानाबद्दल उरला आहे. नववीच्या मुलाला ‘जवळजवळ’ हा शब्द सांगायचा की अणूंच्या संख्येपासून सुरुवात करायची, यावर एकमत नाही. दुसऱ्या वादात प्रयोग, कणांचे चित्र आणि इतिहास यांचा क्रम अनिर्णित आहे. वायूला वजन असते हे आधी पक्के झाल्याशिवाय तिन्ही वाटा अडतात, एवढे मात्र सर्वमान्य आहे. तिसऱ्या वादात उगम, शुद्धीकरण, गाळ आणि वनस्पती यांपैकी कशावर किती खर्च करावा हे ठरलेले नाही. ते अंदाजाने ठरणारही नाही. येणारे, साठलेले आणि जाणारे अशी तिन्ही मोजमापे एकाच खोऱ्यासाठी, एकाच काळात हाती आल्याशिवाय चारही भूमिका आपापल्या जागी बरोबरच वाटत राहतील.

या आढाव्यातून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. जिथे जिथे द्रव्य ‘नाहीसे झाले’ किंवा ‘वाढले’ असे वाटले, तिथे ते भांड्याच्या धरलेल्या सीमेपलीकडे गेले होते किंवा पलीकडून आले होते: बॉइलच्या पात्रात हवा शिरली, लांडोल्टच्या काचेवरून ओलावा उडाला, बेळ्ळंदूरमध्ये साबण गाळात दडला. म्हणून शुद्धीकरण केंद्र, गाळउपसा किंवा पाणी वळवण्याच्या कोणत्याही योजनेला मान्यता देताना फॉस्फरसचा ताळेबंद जोडणे बंधनकारक करावे आणि तो कन्नड व इंग्रजीत सर्वांना वाचता येईल असा दरवर्षी प्रसिद्ध करावा. आपल्या वॉर्डाच्या सभेत पुढच्या वेळी तलावाचा विषय निघाला, तर ‘स्वच्छ कधी होणार?’ याच्या आधी ‘काढलेले नेऊन टाकणार कुठे?’ हे विचारा आणि उत्तर किलोमध्ये मागा.